सलामी नेमकी कुणाला?

वाचकाच्या पत्राचा सारांश

पत्रलेखक एका हौशी नृत्यसंघाचे नेतृत्व करतात. मायकेल जॅक्सन यांच्या गाण्यांवर आधारलेला एक कार्यक्रम त्यांचा संघ सध्या बसवत आहे. ‘हिस्टरी’ या 1995 च्या अल्बमच्या प्रसिद्धीसाठी जी छोटी चित्रफीत तयार करण्यात आली होती, तिचीच रंगमंचीय आवृत्ती करून कार्यक्रमाची सुरुवात करावी असे त्यांनी ठरवले. गणवेशातील नर्तकांचे संचलन, लाल निशाणे, मधून चालत येणारा एकटा नायक आणि शेवटी झाकलेल्या भव्य पुतळ्याचे अनावरण, अशी ती योजना आहे. तालमी बऱ्याच पुढे गेल्या असून गणवेशही शिवायला टाकले आहेत. अशा वेळी संघातील एका तरुण सदस्येने या प्रवेशात भाग घेण्यास नकार दिला. ‘हे नाचणे नाही, ही सलामी आहे, आणि मला कुणालाही सलामी द्यायची नाही,’ असे ती म्हणाली. तिच्या घरातल्या मागच्या पिढीने लष्करी राजवट सोसली आहे, हेही तिने सांगितले. संघात आता दोन तट पडले आहेत. पत्रलेखक विचारतात: कलावंताने स्वतःच ‘यात राजकारण नाही’ असे सांगितले असताना हा आक्षेप न्याय्य आहे का? ती चित्रफीत पाहताना आजही अंगावर रोमांच उभे राहतात, ही माझी काही खोट समजायची का? आणि एका व्यक्तीसाठी सगळ्यांची मेहनत बाजूला ठेवायची का?

उत्तर

तुम्ही तुमची बाजू सविस्तर मांडली आहे आणि सहकारिणीचे म्हणणे एका वाक्यात आटोपले आहे, पण मला आधी त्या वाक्यापाशीच थांबावेसे वाटते. तिने जॅक्सन यांना हुकूमशहांचे चाहते म्हटलेले नाही, तुमच्यावर तर कोणताच आरोप केलेला नाही. त्या प्रवेशात नर्तकांच्या वाट्याला कोणते काम येते, एवढेच तिने सांगितले आहे, आणि ते तिने अचूक ओळखले आहे असे माझे मत आहे. तुमच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरे शोधताना तिचे हे निरीक्षण हाताशी असू द्यावे.

ज्यांनी ही चित्रफीत पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडी माहिती देतो. 1994 च्या उन्हाळ्यात बुडापेस्ट शहरात, रुपर्ट वेनराइट यांच्या दिग्दर्शनाखाली तिचे चित्रण झाले. सुमारे चार मिनिटांच्या या फितीत वितळलेले पोलाद आणि घण घालणारे कामगार दिसतात, पावले जुळवून चालणाऱ्या सैनिकांच्या लांबच लांब रांगा दिसतात, आणि त्यांच्या अग्रभागी लष्करी थाटाच्या पोशाखात, हसत, गर्दीला हात करत चालणारे जॅक्सन दिसतात. रांगांमध्ये हंगेरीच्या सैन्यातील खरे सैनिक होते. दुतर्फा लोक रडतात, किंचाळतात, बेशुद्ध पडतात. हेलिकॉप्टर घोंघावत येतात, आच्छादन गळून पडते आणि आकाशाला भिडलेला जॅक्सन यांचा पुतळा उभा राहतो. या सर्वाखाली वाजणारे समूहगान मुळात 1990 मधल्या एका सोव्हिएत पाणबुडीविषयीच्या हॉलिवूडपटासाठी बॅसिल पोलेडूरिस यांनी रचलेले आहे.

अनेक समीक्षकांना ही फीत पाहताना जर्मन दिग्दर्शिका लेनी रीफेनश्टाल यांचा ‘ट्रायम्फ ऑफ द विल’ हा चित्रपट आठवला, आणि ते आठवणे ओढूनताणून आणलेले नव्हते. 1934 च्या न्यूरेंबर्ग येथील नाझी पक्षमेळाव्यावर केलेला तो चित्रपट 1935 मध्ये प्रदर्शित झाला आणि प्रचारपटाचे व्याकरण जणू त्याने घालून दिले. माणसांचे चौकोन आणि पट्टे करून त्यांची नक्षी मांडायची, त्या नक्षीतून एकच व्यक्ती मोकळी चालताना दाखवायची, तिला खालून वर पाहणाऱ्या कोनातून चित्रित करायचे, आणि मध्येमध्ये गर्दीतले भारावलेले चेहरे जवळून दाखवून प्रेक्षकालाही तोच चेहरा करायला शिकवायचे. या व्याकरणात रांगेतल्या माणसाला चेहरा नसतो आणि गर्दीतल्या माणसाला आनंदाखेरीज दुसरी भावना नसते. कुणी कंटाळलेले, साशंक किंवा नुसतेच कुतूहलाने पाहणारे तिथे आढळणार नाही. तुमची सहकारिणी ज्याला सलामी म्हणते ती हीच. सलामी देणाऱ्याच्या हातात शस्त्र आहे की नाही, दंडावर कोणती पट्टी आहे, हा त्यानंतरचा प्रश्न आहे.

आता तुमच्या पहिल्या प्रश्नाकडे येतो. जून 1995 मध्ये डायान सॉयर यांनी दूरचित्रवाणीवरील मुलाखतीत जॅक्सन यांना या प्रतिमांविषयी विचारले, तेव्हा ही कला आहे, तिचा राजकारणाशी, साम्यवादाशी किंवा फॅसिझमशी काही संबंध नाही, असे त्यांनी सांगितले. लोकांचे लक्ष आपल्याला हवेच होते, हेही त्यांनी मान्य केले. त्यांच्या सांगण्यावर अविश्वास दाखवण्याचे मला कारण दिसत नाही. ज्या अल्बमची ही जाहिरात होती, त्यातील कितीतरी गाणी अन्यायाविरुद्ध आणि दुर्बलांच्या बाजूने बोलतात. 1993 मध्ये त्यांच्यावर झालेले गंभीर आरोप आणि 1994 च्या आरंभी त्या दिवाणी दाव्यात झालेली तडजोड यांच्या पाठोपाठ हा अल्बम आला होता. अशा काळात एखाद्या कलावंताला आपली प्रतिमा कुणीही हलवू शकणार नाही इतकी मोठी करून दाखवावीशी वाटली, तर ते मानवी पातळीवर मला समजते.

तरीही तुमच्या प्रश्नात एक गृहीतक दडलेले आहे, ते बाहेर काढून तपासायला हवे. कलावंताचा हेतू शुद्ध असला की चित्राचा अर्थही शुद्ध ठरतो, असे तुम्ही मानता. हेतूवरून आपण माणसाचा न्याय करतो, आणि तो करावाही. पण चित्र पाहणाऱ्यावर काय करते हे ठरवण्याचा अधिकार एकट्या कलावंताकडे कधीच नसतो, कारण चित्रात वापरलेल्या खुणा त्याच्या आधीपासून जगात वावरत असतात.

या फितीच्या बाबतीत तर ते फार ठळकपणे दिसते. चित्रणासाठी निवडलेला बुडापेस्टचा हीरोज स्क्वेअर हा चौक काही कोरी पाटी नव्हता. त्या चौकापासून सहज चालत जाण्याच्या अंतरावर, शहराच्या उद्यानाच्या कडेला, डिसेंबर 1951 मध्ये स्टालिनचा 8 मीटर उंचीचा कांस्य पुतळा उभारण्यात आला होता. त्याच्यासमोरून सरकारी संचलने जात, व्यासपीठावरून नेते हात हलवत. 23 ऑक्टोबर 1956 रोजी, सोव्हिएत वर्चस्वाविरुद्धच्या उठावाच्या पहिल्याच दिवशी, लोकांनी तो पाडला आणि चौथऱ्यावर केवळ त्याचे बूट उरले. सोव्हिएत रणगाड्यांनी तो उठाव चिरडला आणि उठावाच्या काळातील पंतप्रधान इम्रे नॉज यांना 1958 मध्ये फाशी देण्यात आली. 16 जून 1989 रोजी त्यांचे सन्मानाने पुन्हा दफन झाले, तेव्हा शवपेट्या याच हीरोज स्क्वेअरमध्ये ठेवल्या होत्या आणि प्रचंड जनसमुदाय तिथे लोटला होता. शेवटचे सोव्हिएत सैन्य जून 1991 मध्ये हंगेरीतून बाहेर पडले. म्हणजे संचलन आणि महाकाय पुतळा यांच्यापासून सुटका होऊन पुरती चार वर्षेही लोटली नव्हती, आणि त्याच चौकात पुन्हा सैनिक चालले, एका अवाढव्य पुतळ्याच्या कथेसाठी. हे कुणाला दुखावण्यासाठी केले असे मी म्हणत नाही. भव्य वास्तू आणि सैनिक तिथे उपलब्ध झाले, एवढेच कारण निर्मात्यांच्या दृष्टीने पुरेसे असेल. पण त्या जागेला स्वतःची आठवण होती, आणि निर्मात्यांना ती ठाऊक नसली किंवा महत्त्वाची वाटली नाही, म्हणून ती पुसली गेली नाही.

पुढेही हेच घडले. जून 1995 मध्ये जॅक्सन यांचा सुमारे 10 मीटर उंचीचा पुतळा लंडनमध्ये थेम्स नदीतून तराफ्यावरून नेण्यात आला. सप्टेंबर 1996 मध्ये त्यांच्या जागतिक दौऱ्याची सुरुवात प्रागच्या लेतना या टेकडीवरील मैदानातून झाली, तेव्हा तसाच पुतळा नेमका त्या जागी उभा होता जिथे 1955 ते 1962 या काळात स्टालिनचे अवाढव्य स्मारक होते आणि जिथून ते सुरुंग लावून उडवून देण्यात आले होते. प्रागमध्ये त्या दिवशी हजारो लोक आनंदाने नाचले, हेही तितकेच खरे आहे. एखाद्या हुकूमशहाच्या जागी गायक उभा राहावा यात कित्येकांना मुक्ततेचा अनुभव आला असेल. मला मात्र त्या चौथऱ्यावर कुणाचाच पुतळा नसता तर अधिक बरे वाटले असते.

त्या फितीतील आणखी एक तपशील मला फार अस्वस्थ करतो, आणि तुम्ही तो मंचावर आणणार असाल तर त्याकडे लक्ष द्यावे अशी माझी विनंती आहे. सुरुवातीला एक कामगार एस्पेरांतो भाषेत घोषणा करतो की, जगातील विविध राष्ट्रे जागतिक मातृत्वाच्या, प्रेमाच्या आणि संगीताच्या दुखणे बरे करणाऱ्या शक्तीच्या नावाने हा पुतळा घडवत आहेत. शब्द सुंदर आहेत. एस्पेरांतो ही भाषा लुडविक झामेनहॉफ यांनी 1887 मध्ये प्रसिद्ध केली, राष्ट्राराष्ट्रांतील वैर कमी व्हावे या आशेने. नाझी राजवटीने तिच्या संघटनांवर बंदी घातली, स्टालिनच्या काळातही एस्पेरांतो बोलणाऱ्यांची धरपकड झाली, आणि झामेनहॉफ यांची तिन्ही अपत्ये नाझींच्या हातून मारली गेली: मुलगा 1940 मध्ये गोळी घालून, दोन्ही मुली 1942 मध्ये ट्रेब्लिंका येथे. अशा भाषेतील शांतीचे वाक्य अशा दृश्यासमोर ठेवले की कानाला प्रेम ऐकू येते आणि डोळ्याला सत्ता दिसते. प्रेक्षकाच्या मनात चित्र अधिक काळ टिकते, हे तुम्ही रंगमंचावर वावरलेले असल्यामुळे जाणताच.

आता दुसरी बाजूही तितक्याच गांभीर्याने मांडायला हवी, कारण तुमच्या संघातील आक्षेप घेणाऱ्यांपैकी काहींनी ‘गणवेश म्हणजेच फॅसिझम’ अशी भूमिका घेतल्याचे तुमच्या पत्रावरून दिसते. ती मला मान्य नाही. कवायत आणि नृत्य यांची देवाणघेवाण फार जुनी आहे. हॉलिवूडमध्ये 1930 च्या दशकात शेकडो नर्तिकांच्या भूमितीय आकृत्या रचणारे बझ्बी बर्कली पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्यात अधिकारी होते आणि तिथे त्यांनी संचलने बसवली होती. त्याहीआधी, 1927 मध्ये, जर्मन लेखक झीगफ्रीड क्राकाउअर यांनी टिलर गर्ल्स या नर्तिकांच्या एकसारख्या हालणाऱ्या पायांकडे बोट दाखवून, कारखान्यातील हातांचेच हे प्रतिरूप आहे, असे लिहिले होते. हिटलर सत्तेवर येण्यापूर्वीची ही गोष्ट आहे. समूहाची नक्षी हुकूमशहांनी शोधलेली नाही. त्यांनी ती उचलली आणि तिच्या टोकाशी स्वतःला उभे केले.

जॅक्सन यांच्याच कारकिर्दीत याचा दाखला सापडतो. मे 1984 मध्ये व्हाइट हाउसमध्ये राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्या शेजारी ते उभे राहिले, तेव्हा त्यांच्या अंगात निळ्या चमकत्या टिकल्यांचा, सोनेरी झुबक्यांचा लष्करी घाटाचा कोट होता. तो पाहून कुणाला भीती वाटली नाही, कारण तो कोट एकट्याचा होता, नटवा होता, आणि त्यामागे आज्ञा पाळणारी पलटण नव्हती. त्यांची बहीण जॅनेट जॅक्सन यांनी 1989 मध्ये ‘रिदम नेशन’ या गाण्याच्या चित्रफितीसाठी काळे गणवेश आणि कडक संचलन वापरले, कृष्णधवल चित्रणामुळे ते अधिकच कठोर दिसते. तरीही तिथे जॅनेट रांगेतच नाचतात, त्यांच्या अंगावर इतरांसारखाच पोशाख आहे, आणि वर्णभेद व सामाजिक अन्याय यांच्याविरुद्ध एकत्र येण्याची हाक गाण्यातच आहे. तिथे समूह कुणापुढे झुकत नाही. ‘हिस्टरी’ आणि ‘रिदम नेशन’ या दोन्ही फिती संघासोबत लागोपाठ पाहाव्यात, असे मी तुम्हाला सुचवेन. एकच घराणे, तोच गणवेश, आणि तरीही माणसांच्या मांडणीमुळे किती फरक पडतो, हे व्याख्यानापेक्षा त्यातून लवकर कळेल.

तुमचा दुसरा प्रश्न, रोमांचांचा, मला सर्वांत जिव्हाळ्याचा वाटला, कारण तो विचारायला धैर्य लागते. ही तुमची खोट नाही. इतिहासकार विल्यम मॅक्नील 1941 मध्ये अमेरिकी सैन्यात भरती झाले, तेव्हा उन्हात तासन्‌तास करावी लागणारी निरर्थक कवायत आपल्याला चक्क आवडू लागली, आपण मोठे झाल्यासारखे, सगळ्यांत मिसळल्यासारखे वाटू लागले, असे त्यांनी पुढे नोंदवले. अनेक दशकांनंतर त्यांनी याच अनुभवावर अभ्यास करून मांडले की, तालात एकत्र हालचाल करणाऱ्या माणसांमध्ये स्नायूंच्या पातळीवरच एक बंध तयार होतो, आणि नृत्य व कवायत दोन्ही त्याच बंधावर उभ्या आहेत. तुम्ही नर्तक आहात. हा आनंद तुमच्या कामाचा गाभा आहे. प्रचारपट हाच आनंद घेतात आणि तो एका व्यक्तीच्या पायाशी नेऊन ठेवतात. म्हणून रोमांच आल्याबद्दल अपराधी वाटून घेऊ नका, पण ते कशामुळे आले याची चौकशी मात्र करा: पावले जुळल्यामुळे, की पुतळ्यावरचा पडदा पडल्यामुळे? तुमच्या उत्तरावर प्रवेशात काय राखायचे आणि काय सोडायचे हे बरेचसे ठरेल.

तिसऱ्या प्रश्नातील ‘एका व्यक्तीसाठी’ हे शब्द मला खटकले, हे स्पष्टपणे सांगतो. ज्या दृश्यात प्रत्येकाने एकसारखे दिसायचे आणि कुणी वेगळे वागायचे नाही, त्या दृश्याच्या तालमीत एका मुलीने ‘मी नाही’ म्हटले, आणि संघातल्या काहींनी तिला हळवी ठरवून गप्प बसवण्याचा प्रयत्न केला. मंचावरील मांडणी तालमीच्या खोलीत शिरते ती अशी. तिचे म्हणणे मान्य करायचे की नाही हा तुमचा निर्णय आहे. पण बहुमत हे त्यावरचे उत्तर होऊ शकत नाही, कारण आक्षेप तिच्या स्वतःच्या शरीराने काय करायचे याविषयी आहे. कोणताही निर्णय घेण्याआधी तिला सर्वांसमोर सांगा की, या प्रवेशात भाग न घेतल्याने कार्यक्रमातील तिचे इतर स्थान कमी होणार नाही. तिने घरातील इतिहास पुराव्यासारखा मांडावा अशी अपेक्षाही ठेवू नका. तिने तो स्वतःहून सांगितला, तेवढे पुरे आहे.

यानंतर पर्याय उरतात ते तीन. प्रवेश जसाच्या तसा करावा, हा पहिला. त्याच्या बाजूने मूळ कलावंताशी निष्ठा राखण्याचा मुद्दा तुम्ही मांडला आहे. पण ज्या कलावंताशी निष्ठा राखायची, त्यांनी स्वतः काय केले ते पाहा. याच अल्बममधील एका गाण्यातील शब्द ज्यूंना अवमानकारक वाटतात अशी तक्रार जून 1995 मध्ये झाली. आपला हेतू तसा नव्हता असे जॅक्सन यांनी सांगितले, माफी मागितली आणि पुढच्या आवृत्त्यांत ते शब्द ऐकू येणार नाहीत असा बदलही केला. हेतूवर ठाम राहूनही कृती बदलता येते, हे त्यांनीच दाखवले. तेव्हा तुम्ही काही बदललेत तर त्यांच्याशी द्रोह होईल, ही भीती सोडून द्या. शिवाय चार मिनिटांच्या जाहिरातीशी निष्ठा ठेवणे आणि आयुष्यभराच्या संगीताशी निष्ठा ठेवणे यांत मी दुसरीला कितीतरी वरचे स्थान देईन.

प्रवेश पूर्ण गाळावा हा दुसरा पर्याय सुरक्षित आहे, पण मला तो इथे आवश्यक वाटत नाही. त्याने वाद मिटेल, मात्र ज्यातून सगळा संघ काही शिकू शकला असता ती चर्चाही मिटेल, आणि ज्यांनी मेहनत घेतली त्यांचा राग त्या एका सदस्येवर निघेल.

तुमच्यापैकी कुणी, ‘आपण हे उपरोधाने करू, म्हणजे टीका होईल’, असे सुचवले असेल तर सावध राहा. स्लोव्हेनियातील लायबाख या संगीतसमूहाने 1980 पासून सर्वंकष सत्तेची चिन्हे अतिरेकाच्या टोकाला नेऊन वापरली आहेत. त्यांच्याशी जोडलेल्या ग्राफिक डिझायनरांच्या गटाने 1987 मध्ये युगोस्लाव्हियाच्या युवकदिनासाठी एक भित्तिपत्रक सादर केले. निवड समितीने ते पसंत केले, आणि मग उघड झाले की ते 1936 मधल्या एका नाझी चित्राचीच चिन्हे बदललेली प्रत होती. एक राजवट दुसरीचे चित्र आपले म्हणून कसे स्वीकारते हे त्यातून जगासमोर आले. पण त्यामागे वर्षानुवर्षांची भूमिका, जाहीरनामे आणि जोखीम पत्करण्याची तयारी होती. इतकी तयारी नसेल तर उपरोध प्रेक्षकांपर्यंत पोहोचत नाही, गणवेश पोहोचतात. पिंक फ्लॉइडच्या ‘द वॉल’ या 1982 च्या चित्रपटातील एकमेकांवर तिरपे ठेवलेले हातोडे फॅसिझमवरील टीका म्हणून रेखाटले होते, आणि काही वर्षांतच अमेरिकेतील वंशद्वेष्ट्या तरुणांच्या एका टोळीने तेच चिन्ह अभिमानाने अंगावर गोंदवून घेतले. चिन्ह एकदा सुटले की ते कुणाच्या हाती पडेल यावर ताबा राहत नाही.

म्हणून मी तिसऱ्या पर्यायाच्या बाजूने आहे: पावले ठेवा, मांडणी मोडा. संचलनाने सुरुवात करा, कारण त्यात तुमच्या नर्तकांचे कौशल्य आहे. पण नायकाला रांगांच्या पुढे एकटे चालवू नका. प्रत्येक कडव्याला रांगेतला वेगळा नर्तक पुढे येऊ द्या आणि परत आपल्या जागी जाऊ द्या. गर्दीचे काम करणाऱ्यांना सगळ्यांना एकच भाव देऊ नका: कुणी नाचावे, कुणी नुसते पाहावे, कुणी पाठ फिरवून निघून जावे. तुमच्या सहकारिणीला पटले, तर रांगेतून बाहेर पडण्याची हालचाल तिनेच बसवावी. पण ती भूमिका तिच्यावर लादू नका, नाहीतर तिचा नकारही तुमच्या प्रयोगाचे सजावटीचे साहित्य होऊन बसेल. झाकलेल्या वस्तूचे अनावरण ठेवायचेच असेल, तर आच्छादनाखाली पुतळा नको. तिथे वाद्यवृंद असू द्या, किंवा ज्यांनी गणवेश शिवले आणि दिवे लावले ती माणसे असू द्या. मूळ घोषणेतील प्रेमाचे आणि संगीताच्या शक्तीचे शब्द तुम्हाला आवडत असतील, तर या मांडणीत ते अधिक शोभतील.

ज्यांना अशाच प्रकारचे काम करावे लागते, मग ती गाण्याची जाहिरात असो, संमेलनाचे भित्तिपत्रक असो किंवा महाविद्यालयीन नृत्यस्पर्धा असो, त्यांच्यासाठीही काही सूचना इथेच नोंदवतो. खऱ्या सैन्याची किंवा पक्षाची पदके, बिल्ले, दंडपट्ट्या वापरू नयेत. ‘नुसता आकार घेतला’ हे कारण टिकत नाही. जपानमधील केयाकिझाका 46 या गायिकांच्या गटाने 2016 मध्ये एका कार्यक्रमात घातलेले पोशाख नाझी गणवेशासारखे दिसतात अशी तक्रार झाली, तेव्हा सोनी म्युझिक या कंपनीला जाहीर माफी मागावी लागली. लहान वयाच्या त्या मुलींनी तो पोशाख स्वतः निवडला होता असे कुणी मानले नाही, पण छायाचित्रे मात्र त्यांचीच राहिली. वेशभूषा निश्चित करण्यापूर्वी तिचे छायाचित्र इंटरनेटवरील प्रतिमाशोधात टाकून काय सापडते ते पाहायला फार वेळ लागत नाही. काही देशांत हा प्रश्न कायद्याचाही आहे: जर्मनीत नाझी संघटनांची चिन्हे वापरणे गुन्हा आहे, कला आणि शिक्षण यांसाठीचे अपवाद वगळून, आणि सैनिकाचा खरा गणवेश घालण्यावर अनेक ठिकाणी निर्बंध आहेत. समूहगानाच्या हक्कांकडेही दुर्लक्ष करू नका. तुमच्या प्रवेशातील ते संगीत जॅक्सन यांचे नाही, त्यामुळे त्यांच्या गाण्यांसाठी घेतलेली परवानगी त्याला लागू पडणार नाही.

आणि तयार चित्र किंवा प्रवेश अशा एखाद्या व्यक्तीला दाखवा जिला ना तो कलावंत फारसा ठाऊक आहे, ना तुमचा हेतू. तिला ‘आवडले का’ असे विचारू नका, कारण भव्य गोष्ट बहुतेकांना आवडतेच. ‘हे पाहताना तुम्हाला काय करावेसे वाटले?’ असे विचारा. नाचावेसे वाटले, सोबत गावेसे वाटले, असे उत्तर आले तर निर्धास्त राहा. उभे राहावेसे वाटले, किंवा गप्प व्हावेसे वाटले, असे आले तर पुन्हा तालमीला लागा.

शिवायला टाकलेल्या गणवेशांचा खर्च वाया जाईल अशी चिंता तुम्ही पत्राच्या शेवटी व्यक्त केली आहे. शिंप्याला आजच निरोप द्या आणि दंडपट्ट्या व बिल्ले लावायचे थांबवा. कोट तसेच राहू द्या, पण प्रत्येक नर्तकाला आपल्या कोटाचा रंग, बटणे किंवा बाह्या स्वतः बदलायला सांगा. कवायतीची पावले जुळलेली असताना पोशाख जुळलेले नसले तरी फॉर्मेशन स्वच्छ दिसते, हे एका तालमीत करून पाहा. लाल निशाणे मात्र परत करून टाका.